डम्पिंग ग्राउंडचा मिथेन मोजायचा कुणी?

कचऱ्याच्या डोंगरातून मिथेन किती निघतो, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही असं नाही. उत्तरं भरपूर आहेत. अडचण एवढीच की ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे तपासायची गरज महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत कुणालाच वाटत नाही. देवनारचा डोंगर उपसण्याचं काम आता निघालंय, कांजूरमार्गचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि राज्यातल्या जवळपास प्रत्येक शहराबाहेर एक तरी कचऱ्याची टेकडी उभी आहे. त्यामुळे हा विषय जरा सविस्तर लिहायला हवा. पोस्ट मोठी आहे, मधे थोडं गणितही आहे, पण सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही.

आधी मूळ गोष्ट. भाजीची देठं, उरलेला भात, फळांची सालं हवेत कुजली की त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच माल ढिगाखाली दाबला गेला, हवा बंद झाली, की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. गोबर गॅसच्या टाकीत जे आपण मुद्दाम करतो, तेच इथे आपोआप होतं. फरक असा की टाकीला झाकण आणि नळी असते, डम्पिंग ग्राउंडला नसते. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या मानाने फारच कमी. पण आहे तोवर जाळ भारी. वीस वर्षांच्या हिशोबात तो वजनाला वजन ऐंशीपट उष्णता अडवतो, शंभर वर्षांच्या हिशोबात सत्तावीस ते तीसपट. म्हणून मिथेन आज कमी केला तर त्याचा फायदा आपल्या हयातीत दिसतो. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत शंभराहून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याची शपथ घेतली ती यासाठीच. भारताने त्यावर सही केली नाही. आपला मिथेन मुख्यतः भातशेती आणि गुराढोरांचा, तो कमी करायचा म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या पोटावर पाय, असा आपला मुद्दा होता आणि तो चुकीचाही नाही. सरकारी हिशोबात देशाच्या मिथेनपैकी जवळपास तीन चतुर्थांश शेती-पशुपालनातून येतो, आणि कचरा व सांडपाणी मिळून चौदा-पंधरा टक्के. पण कचऱ्याच्या मिथेनला हे शेतकऱ्याचं कारण लागू होत नाही. तो शहराचा आहे, तुमच्या-माझ्या डब्यातला आहे.

आता हा "सरकारी हिशोब" होतो कसा? इथेच खरी गंमत आहे.

कुणीही डोंगरावर जाऊन मीटर लावत नाही. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ साली एक सूत्र दिलं आणि जगभर तेच वापरतात. सोपं करून सांगतो. एक टन ओला कचरा घ्या. त्यात कुजू शकणारा कार्बन १५ टक्के धरायचा, म्हणजे १५० किलो. त्यातला निम्माच प्रत्यक्षात कुजतो असं मानायचं, उरले ७५. मग येतो तो सगळ्यात वादाचा आकडा, ढीग कसा आहे त्यावरून ठरणारा. ढीग पाच मीटरपेक्षा उंच आणि बेशिस्त असेल तर गुणिले ०.८, म्हणजे ६० किलो. निघणाऱ्या गॅसमध्ये अर्धा मिथेन धरायचा, ३० किलो कार्बन. कार्बनचं मिथेनमध्ये रूपांतर करायला १६ भागिले १२ ने गुणायचं. उत्तर ४० किलो. म्हणजे एक टन ओला कचरा बेशिस्त उंच ढिगावर टाकला की आज ना उद्या त्यातून ४० किलो मिथेन निघणार. ऊर्जेच्या भाषेत घरगुती गॅसचे तीन सिलिंडर. वरची माती थोडा मिथेन खाते, तेवढी सूट बेशिस्त ढिगाला धरत नाहीत, कारण तिथे धड मातीच नसते.

तोच कचरा पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या, पसरलेल्या ढिगावर टाकला तर गुणक ०.४ आणि उत्तर २० किलो. आणि तोच कचरा छान शास्त्रीय पद्धतीने, दाबून, मातीचा थर देऊन, खाली प्लॅस्टिकचं अस्तर घालून भरला, तर गुणक १. उत्तर ५० किलो.

परत वाचा. गावाबाहेरच्या पसरट उकिरड्यापेक्षा "शास्त्रीय" भरावभूमी अडीचपट मिथेन बनवते. कारण उघडं आहे, दाबलं की हवा संपते. याचा अर्थ उकिरडा बरा, असं मी म्हणत नाहीये. उकिरड्याचं काळं पाणी विहिरीत उतरतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं नाकाखाली सोसला आणि पाण्यातही भोगला. औरंगाबादच्या नारेगावकरांनी २०१८ च्या फेब्रुवारीत गाड्या अडवल्या त्या हौस म्हणून नव्हे. पण शास्त्रीय भरावभूमीचं सगळं समर्थन एका अटीवर उभं आहे, ती म्हणजे आत तयार झालेला गॅस नळ्या टाकून खरोखर ओढून घेतला आणि जाळला किंवा वापरला पाहिजे. ते झालं नाही, तर आपण कोट्यवधी रुपये खर्चून मिथेनचा कारखाना उभारला. टेंडरच्या कागदात अस्तर असतं, माती असते, गॅसच्या नळ्याही असतात. ओढलेल्या गॅसचा महिनावार मीटर मात्र नागरिकांना सहज बघायला मिळत नाही.

आता हे सूत्र मुंबईला लावून बघू. समजा, एका ठिकाणी रोज तीन हजार टन ओला कचरा पडतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच पडत आलाय. ४० किलोच्या हिशोबाने रोजचा मिथेन १२० टन, म्हणजे तासाला पाच टन. गुणक ०.४ घेतला तर अडीच टन. गुणक १ घेतला तर सव्वासहा टन. ओला कचरा तीनऐवजी चार हजार टन धरला आणि गुणक १, तर आठ टनांच्या पुढे. कागद, लाकूड, कापड अजून धरलेलंच नाही. एकच जागा, एकच सूत्र, आणि उत्तर अडीचपासून आठपर्यंत. प्रत्येक उत्तर नियमात बसणारं. कारकुनाने कुठला गुणक निवडला यावर सगळं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई ही चार शहरं त्यांनी उपग्रहातून बघितली. एका उपग्रहाने शहरभराचा मिथेन बघितला, आणि कॅनडाच्या एका कंपनीच्या, पंचवीसेक मीटरपर्यंत बारीक बघणाऱ्या उपग्रहांनी नेमका कुठून येतो ते शोधलं. शहरांचा एकूण मिथेन प्रचलित हिशोबापेक्षा १.४ ते २.६ पट निघाला. मुंबईतल्या कचराभूमीचा आकडा आला तासाला ९.८ टन, वर्षाला सुमारे ८५ हजार टन. आणि ही जागा देवनार नव्हे, कांजूरमार्ग. आपली आधुनिक, बायोरिॲक्टरवाली.

हा आकडा वर्तमानपत्रांत आला तेव्हा दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया होत्या. एक, "बघा, सत्यानाश झालाय." दुसरी, "परदेशी लोक आभाळातून बघून काहीही सांगतात." मला दोन्ही पटत नाहीत. वरच्या गणिताकडे पुन्हा बघा. रोज काही हजार टन ओला कचरा दाबून भरला, गुणक १ धरला, कागद-कापड मिळवलं, की सूत्राचं उत्तरही नऊ-दहाच्या आसपास सहज जातं. म्हणजे ९.८ हा आकडा काही अचाट नाही. उलट प्रश्न असा पडतो की तिथे ओढून जाळल्या जाणाऱ्या गॅसचं काय? तो वजा करूनही ९.८ उरत असेल, तर एकतर कचरा कागदावरच्यापेक्षा जास्त ओला आहे, नाहीतर गॅस ओढणं कागदावरच्यापेक्षा कमी आहे. किंवा उपग्रहाने नेमक्या वाईट दिवशी बघितलं असेल. तीनही शक्यता तपासता येतात. तपासलं कुणी?

कारण उपग्रहही काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो मिथेन "बघतो" म्हणजे जमिनीवरून परावर्तित झालेल्या उन्हात मिथेनने किती प्रकाश खाल्ला ते बघतो. त्यातून हवेत त्या क्षणी किती मिथेन तरंगतोय ते कळतं. तासाला किती निघतोय, हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो. वारा दुप्पट धरला की उत्तर जवळपास दुप्पट. आणि खाडीकाठी सकाळ-दुपारचा वारा किती चंचल असतो हे कोळ्यांना विचारा. पाणी त्या किरणांत काळं दिसतं, म्हणून खाडीवर मोजमाप धड होत नाही. रात्री दिसत नाही. ढगात दिसत नाही, म्हणजे आपला जून ते सप्टेंबर जवळजवळ बाद. आणि नेमका पावसाळ्यात कचरा सगळ्यात जोरात कुजतो. शिवाय हवेचा दाब पडला की ढिगातून गॅस जास्त सुटतो, दाब चढला की कमी, तेव्हा चार-पाच दिवसांच्या फोटोंवरून वर्षाचा हिशोब मांडणं म्हणजे चार ओव्हर बघून कसोटीचा निकाल सांगणं. बारीक उपग्रहाला दिसला नाही म्हणजे गॅस नाही असंही नाही, तासाला शंभरेक किलोच्या खालचं त्याला दिसतच नाही. छोट्या नगरपालिकांचे ढीग त्यातून सुखरूप निसटतात.

मग जमिनीवरून मोजावं? तेही झालंय. चेन्नईच्या कोडुंगैयूर आणि पेरुंगुडी इथल्या ढिगांवर आपल्याच शास्त्रज्ञांनी उलटे डबे ठेवून मोजमाप केलं, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. डबा जमिनीवर पालथा घालायचा, आत मिथेन किती वेगाने वाढतो ते बघायचं. तिथे आकडा सूत्रापेक्षा कमी आला. उपग्रह म्हणतो जास्त, डबा म्हणतो कमी. डब्याचंही दुखणं आहे. तो हातभर जागा झाकतो, आणि ढिगातला गॅस सगळीकडून सारखा येत नाही. तो भेगांतून, उतारावरून, पोकलेनने नुकत्याच उकरलेल्या जागेतून येतो. नेमक्या त्या जागी डबा ठेवायला कुणी चढत नाही, पाय घसरला तर संपलं. म्हणून डब्याचा आकडा बहुतेकदा कमीकडे झुकतो.

अमेरिकेसारख्या देशात तरी जुळतं का? नाही. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या दोनशेहून जास्त चालू भरावभूमींवरून विमानाने मोजमाप झालं, आणि सरासरी आकडा कंपन्यांनी सरकारला कळवलेल्यापेक्षा १.४ पट निघाला. तिथे प्रत्येक गाडीचं वजन होतं, गॅसच्या विहिरी असतात, रोज माती पडते. तरी ही गत.

आपल्या बेशिस्त ढिगांची गोष्ट तर वेगळीच. सूत्र भले निर्दोष असो, त्यात घालायचे आकडे कुठून आणणार? देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. १९६५ साली किती पडला? कुणास ठाऊक. सूत्राला मागच्या पन्नास वर्षांचा हिशोब हवा असतो. मग काय करतात, तर त्या सालची लोकसंख्या घ्यायची, माणशी अमुक ग्रॅम धरायचं आणि गुणायचं. कित्येक नगरपालिकांत अजून वजनकाटा नाही, आणि असला तर चालू असेलच असं नाही. गाडीच्या खेपा मोजायच्या आणि प्रत्येक खेप भरलेली धरायची. कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर कचऱ्यात डेब्रिज आणि माती का सापडते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. त्या मातीतून मिथेन येत नाही, पण वजनात ती ओल्या कचऱ्यासारखीच मोजली जाते. कचऱ्याचं पृथक्करण कुठे केलं, सोसायटीच्या दारात की ढिगावर, यावरही उत्तर बदलतं. मधल्या वाटेत कचरावेचक बायका कागद-पुठ्ठा-प्लॅस्टिक काढून घेतात, गायी आणि डुकरं ओलं खातात. पावसात विरघळलेला कार्बन काळ्या पाण्याबरोबर नाल्यात जातो, आणि मिथेन पुढे नाल्यात तयार होतो, ज्याचा हिशोब सांडपाण्याच्या खात्यात.

आणि आग. ढीग जळतो तेव्हा उद्या मिथेन देणारा माल आजच धूर होऊन जातो. सूत्राच्या दृष्टीने मिथेन कमी झाला! २०१६ च्या जानेवारीअखेर देवनार पेटलं तेव्हा धूर नासाच्या उपग्रहांच्या चित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी-शिवाजीनगरच्या पोरांच्या छातीत जे गेलं ते मिथेनच्या तक्त्यात कुठल्याच ओळीत येत नाही. मिथेनचा आकडा महत्त्वाचा आहे म्हणून ही पोस्ट लिहितोय, पण तो आकडा म्हणजे कचऱ्याची सगळी कथा नव्हे, हे इथेच नोंदवून ठेवतो.

"मग एवढी अनिश्चितता आहे तर मोजायचंच कशाला?" हा प्रश्न मला दोन वेगळ्या तऱ्हेच्या माणसांनी विचारलाय. एक कार्यकर्ते, ज्यांना मोजमाप म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. दुसरे अधिकारी, ज्यांना ते सोयीचं असतं. दोघांनाही माझं उत्तर तेच आहे, की या आकड्यावर पैसे आणि माणसं दोन्ही टांगलेली आहेत.

पैसे आधी. गोराईचं डम्पिंग ग्राउंड बंद करून तिथे गॅस गोळा करण्याचा प्रकल्प झाला, कार्बन क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत. बंद केलेला उकिरडा झाकून वर हिरवळ आली, ते काम चांगलंच झालं. पण जगभरातल्या अशा कितीतरी प्रकल्पांचा अनुभव हा की सूत्राने सांगितलेला गॅस नळीतून प्रत्यक्षात आला नाही. कारण आपल्या हवेत ओला कचरा फार लवकर कुजतो. हजार मिलिमीटरहून जास्त पावसाच्या उष्ण प्रदेशात, म्हणजे मुंबई-कोकणात, आयपीसीसीच्या आकड्यांनुसार ओल्या कचऱ्याचा अर्धा कस पावणेदोन वर्षांत निघून जातो. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत त्यालाच आठ वर्षं लागतात. मुंबईत ढीग बंद करून, टेंडर काढून, नळ्या टाकेपर्यंत चार-पाच वर्षं गेली तर बराचसा गॅस आभाळात गेलेला असतो. नळी पोचते तेव्हा आत कागद आणि लाकूड हळूहळू कुजत बसलेलं असतं.

हीच गोष्ट आता उलट्या बाजूने येणार आहे. देवनारचा १८५ लाख टन जुना कचरा उपसण्याचं काम मुंबई महापालिकेने २,३६८ कोटींना काढलंय. टनाला साधारण १,२८० रुपये. देशभरात स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे १६ कोटी टन जुना कचरा साफ करायचं लक्ष्य आहे. उद्या कुणीतरी सांगेल की यातून अमुक लाख टन मिथेन "वाचला". तेव्हा विचारायचं की कुठला मिथेन? वीस वर्षांपूर्वी पडलेल्या भाजीपाल्यातून आता काहीच निघत नाही, तो कस कधीच संपला. त्याच वयाच्या कागदाचा पाव हिस्सा उरला असेल. जुन्या ढिगाचं टनावारी वजन घेऊन त्याला ताज्या कचऱ्याचा ४० किलोचा दर लावला, तर हवेतले पैसे तयार होतात, शब्दशः. ढीग उपसण्याचे इतर फायदे आहेत, जमीन मोकळी होते, काळं पाणी थांबतं, आगीची भीती जाते. ते सांगा ना. मिथेनच्या नावाने क्रेडिट घ्यायचं असेल तर उपसण्याआधी मोजून दाखवा.

आता माणसं. याच देवनारच्या जमिनीपैकी १२४ एकर धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचं २०२४ मध्ये ठरलं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. उघड्यावर तो उडून जातो म्हणून एरवी काही होत नाही, पण तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, गटाराच्या चेंबरमध्ये साठू शकतो. आणि त्याला स्वतःचा वास नसतो. डम्पिंगचा जो वास येतो तो इतर वायूंचा. १९९३ च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलच्या उमरानिये भागात कचऱ्याच्या ढिगात मिथेनचा स्फोट झाला आणि ढीग शेजारच्या झोपड्यांवर आला, ३९ माणसं गेली. देवनारला तसंच होईल असं भाकीत मी करत नाही. कचरा पूर्ण काढला, खालची माती तपासली, गॅस शून्यावर आला हे दाखवलं, तर त्या जमिनीचा उपयोग होऊ शकतो. पण "दाखवलं" हा त्या वाक्यातला कळीचा शब्द आहे. तिथे राहायला जाणाऱ्या धारावीकराला तो कागद मागायचा हक्क आहे. ज्या जमिनीच्या मिथेनचा "आधी"चा आकडाच नाही तिचा "नंतर"चा आकडा कशाशी ताडून बघणार?

माझं मत असं आहे की अचूक आकड्याची वाट बघत बसणं मूर्खपणा आहे, आणि कुठलाही एकच आकडा पवित्र मानणं त्याहून मोठा. वेगवेगळ्या पद्धती एकाच जागी, एकाच हंगामात लावा. एक चांगली पद्धत अशी आहे की ढिगावरून दुसराच एखादा वायू, उदाहरणार्थ ॲसिटिलीन, ठरलेल्या वेगाने सोडायचा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला गाडीतून फिरत दोन्ही वायू मोजायचे. सोडलेल्या वायूचा वेग माहीत असतो, म्हणून त्याच्या प्रमाणात मिथेनचा वेग निघतो. वाऱ्याच्या वेगाचं ते सगळं झंझट कमी होतं. युरोपात हे नेहमी करतात. देवनारच्या वाऱ्याखाली रस्ते आहेत, गाडी फिरवायला जागा आहे. आयआयटी पवई कांजूरमार्गापासून हाकेच्या अंतरावर, आणि नीरीचं मुख्यालय नागपुरात. माणसं आपल्याकडे आहेत. २,३६८ कोटींच्या कामात असं मोजमाप वर्षातून चार वेळा करायचा खर्च किती निघेल, हे महापालिकेने एकदा जाहीर तरी करावं.

पण खरं सांगू का, सगळ्यात स्वस्त सुधारणा वजनकाट्यावर आहे. रोज आलेल्या प्रत्येक गाडीचं वजन, आणि महिन्यातून एकदा, वेगवेगळ्या वॉर्डांच्या गाड्या ताडपत्रीवर ओतून, ओलं किती, कागद किती, माती किती याची नोंद. एवढं जरी पाच वर्षं नीट केलं तरी सूत्राचं उत्तर अडीच ते आठवरून बरंच आवळून येईल. याला उपग्रह लागत नाही, कॅनडा लागत नाही. चार माणसं, एक ताडपत्री आणि एक काटा लागतो. पुण्यात कचरावेचक बायकांच्या सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा वेगळा गोळा करण्याचं काम २००८ पासून चालवलंय. ओला कचरा ओलाच कसा ठेवायचा हे ज्यांना हाताने कळतं, त्यांना या नोंदीच्या कामावर घ्या. पगार द्या.

आणि हो, त्या पावणेदोन वर्षांची एक चांगली बाजूही आहे. मुंबईत आज ओला कचरा ढिगावर जायचा थांबला, तर त्यातून येणारा मिथेन दोन वर्षांच्या आत निम्मा होतो आणि साडेतीन वर्षांत पाव. नगरसेवकाच्या एका टर्ममध्ये. हवामान बदलाच्या बाकी कुठल्या कामाचं फळ इतक्या लवकर दिसतं? समुद्राची पातळी आपल्या नातवंडांच्या वेळी कुठे असेल यावर आपण तावातावाने बोलतो, आणि पुढच्या निवडणुकीच्या आत निम्मा होऊ शकणारा मिथेन घंटागाडीत सुक्याबरोबर कोंबतो. २०१६ च्या नियमांपासून वर्गीकरण सक्तीचं आहे. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो हे कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनला माहीत आहे, त्यावर वेगळी पोस्ट लागेल.

कांजूरमार्गबद्दल थोडं, कारण तिथली लढाई सध्या वेगळ्याच मुद्द्यावर चालू आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जवळपास १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचा निकाल दिला आणि तीन महिन्यांची मुदत दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कांदळवन की कचराभूमी, हा वाद महत्त्वाचाच आहे. पण निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी आत दाबलेला कचरा तिथेच आहे, तो उद्या सकाळीही गॅस सोडणार आहे. आणि तिथला कचरा बंद झाला तर तो जाणार कुठे? दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या हद्दीत, बहुधा वजनकाटा नसलेल्या.

ज्यांना यात काही करायचंय त्यांच्यासाठी. आपापल्या महापालिकेला किंवा नगरपरिषदेला माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा. गेल्या बारा महिन्यांची वजनकाट्याची दिवसवार नोंद. कचऱ्याचं शेवटचं पृथक्करण कधी झालं, नमुने कुठून घेतले, आणि त्याचा निकाल. आणि गॅस गोळा करण्याची व्यवस्था असेल तर तिच्या मीटरची महिनावार वाचनं, नसेल तर "नाही" असं लेखी. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अर्ज मराठीत चालतो. आलेली उत्तरं, विशेषतः "माहिती उपलब्ध नाही" असं लिहून आलेली, मला पाठवा. शहरवार तक्ता करून इथेच टाकतो.